पन्नास आणि साठ

गुदैबियात, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
रात्री दीडला मी हेडफोन लावून बसले आहे
आणि मुनाफ परकार माझ्या डाव्या कानात खोकतो आहे.
सन दोन हजार अकरा, सित्राचं गॅरेज.
अजून त्याने गिटारला हात लावलेला नाही.
फक्त विचारतो, "आवाज येतोय काय गो?"
कुणी उत्तर देत नाही,
कारण ऐकायला आलेत चौघे,
त्यातला एक आपली गाडी न्यायला आलेला.

नऊ वर्षं, सत्तावीस रेकॉर्डिंगं.
त्यातून एक अल्बम करायचा. बासष्ट मिनिटं.
उरलेलं पुन्हा कपाटात, चपलांच्या खोक्यात.

दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा.
सीफमधल्या टॉवरांच्या शाफ्टमध्ये लोंबकळत
दोरखंडांना कान द्यायचा;
कुठला थकलाय ते वैद्याला नाडी कळावी तसं कळे.
रात्री तेच वाजवायचा,
तारांत स्पॅनर अडकवून,
ॲम्पचं तोंड भिंतीकडे करून.
लोक म्हणायचे, गाणं कधी सुरू होणार?
तो म्हणायचा, अर्धं झालं.

मुहर्रकच्या गोदीत सुतारांनी
त्याच्यासाठी हातोडे थांबवले नाहीत.
मग तोच त्यांच्यामागे लागला,
खिळ्यामागून खिळा, सतरा मिनिटं,
बांगेची वेळ होईपर्यंत.
तो ॲम्प बंद करतो तेव्हाचं खट्
मी ठेवलं आहे. तिथेच तुकडा संपतो.

आणि खोबर.
पुलावर कस्टमवाल्याने पेडलांची पेटी उघडायला लावली.
हे काय?
लिफ्टचे पार्ट, मुनाफ म्हणाला, कंपनीचं कार्ड दाखवलं.
थोडंफार खरंही होतं ते.
एका कंपाउंडमधलं घर, खिडक्यांना रजया ठोकलेल्या,
चौदा माणसं, सरबताचे कागदी पेले.
त्याने ॲम्प लावला आणि दचकला.
इथली वीज साठची. आमची पन्नासची.
प्रत्येक यंत्राच्या पोटात जी घूं असते
ती पंचवीस किलोमीटर पाणी ओलांडून
षड्जावरून उठून कोमल गंधारावर जाऊन बसलेली.
जिला आम्ही इतकी वर्षं शांतता म्हणत होतो
तो एक सूर होता,
बिलावर लिहून येणारा.

सहाही तारा त्याने नव्याने लावल्या
फ्रिजला कान टेकवून.
चार मिनिटं लागली. पाहुणे चुळबुळले,
एका बाईंनी विचारलं, बिघडलंय का काही?
ती चार मिनिटं अल्बमवर आहेत. बाईंसकट.

कंपनीचा पोरगा लिहितो:
मॅडम, सगळीकडे घूं आहे, फिल्टर लावा, जाईल.
जाते. लावून पाहिला मी.
मुनाफ उरला, पण त्याच्या पायाखालची फरशी गेली.
फिल्टर काढला.
पोराला अजून कळवलेलं नाही.

मंडणगडहून मुनाफ लिहितो:
टाळ्या तेवढ्या काढ. लाज वाटते.
व्हिसा रद्द होऊन दोन वर्षं झाली त्याला,
तालुक्यात लिफ्ट एकच, तीही बंद.
टाळ्या काढल्या मी.
बुदैयाच्या किनाऱ्यावरची एक राहिली,
टाळी म्हणवत नाही तिला, थापच:
डाव्या हातात रेकॉर्डर होता
म्हणून उजवा मी मांडीवर मारलेला.
त्याला ओळखू येईल की नाही, बघू.

दोन वाजून दहा. पुन्हा मेसेज.
"विहिरीवरचा पंप पण पन्नासचाच गो.
आज गिटार लावून बघितली.
दोन वर्षं ऐकतोय,
मला वाटायचं तिकडची आठवण येते."

काय लिहावं ते सुचेना.
खाली शम्सुद्दीनने ड्रायर सुरू केला,
टेबल हललं, पाण्याचा ग्लास हलला.
मी हेडफोन उतरवले,
मग पुन्हा चढवले,
आणि खोकल्यापासून सुरुवात केली.