टेबलावरची घंटी

पहिल्या दिवशी देओलिंदानं टेबलावर
सायकलची एक घंटी ठेवली.
तिच्याच कारखान्यातली, पितळी, नमुना सात,
ब्याऐंशी सालापासून न बदललेला.
म्हणाली, शब्द कळला नाही की वाजवीन.
त्या दुपारी ती एकेचाळीस वेळा वाजली.

आगेदात, खिडकीखाली फोर्कलिफ्टची ये-जा,
आणि चौदा वर्षं फंडाकडून बसलेला मी
खुर्ची बदलून
आमचीच भाषा तिला आमच्याच भाषेत सांगत होतो.

'लिव्हरेज', म्हणालो. टिंग.
म्हणजे ते तुमचा कारखाना विकत घेणार,
अर्धे पैसे बँकेकडून उचलणार,
आणि ते कर्ज मांडणार
कारखान्याच्याच वहीत.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
म्हणजे ऋण काढून सण,
आणि ऋण नवरीच्या नावावर.
इतकं नेमकं मी कुठल्याच स्लाइडवर वाचलं नव्हतं.

'एक्झिट'. टिंग.
पाच वर्षांनी, फार तर सात, ते विकून निघून जातील.
कोणाला विकून?
जो जास्त देईल त्याला.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.

मी हेही सांगितलं, की ते राक्षस नाहीत.
त्यांच्याकडचे पैसेही दुसऱ्यांचेच,
एखाद्या शाळामास्तरणीची पेन्शनसुद्धा त्यात असते,
आणि त्या पैशांच्या मनगटाला घड्याळ असतं.
एका टाइलवाल्याला त्यांनी जर्मनीचं दार उघडून दिलं.
व्हिझेउच्या एका बेकरीत मात्र
मी थांबलो.
बेकरीच्या कागदांवर सही माझी होती.
घंटी वाजली नाही.
ती उठली, कॉफी करून आणली,
माझ्या कपात न विचारता साखर घातली.

सहा आठवडे वाचत होतो.
तीस टक्के राखले म्हणजे तीस टक्के आवाज राखला असं नसतं.
कशाकशाला नाही म्हणता येईल
ते वेगळं लिहून घ्यावं लागतं, सहीच्या आधी,
कारण सहीनंतर सगळेच फार प्रेमळ असतात
आणि कोणालाच काही आठवत नाही.

पोर्तोत, नवव्या मजल्यावर,
तिनं पर्समधून घंटी काढली.
फंडाचा दुआर्त हसला. वय बत्तीस असेल.
'सिनर्जी'. टिंग.
'राइटसायझिंग'. टिंग.
म्हणजे किती माणसं? आकडा सांगा,
नावं माझ्याकडे आहेत.
वकिलाला अचानक तहान लागली.

मग तिनं पगाराची यादी काढली
आणि चष्मा सावरत मोठ्यानं वाचायला घेतली.
कोणी कंटाळलं, कोणी फोन उलटा ठेवला.
अमिल्कार, ती वाचत होती, गुरुवारी अकराला येतो.

दुआर्तनं हात लांबवून घंटी ओढली.
टिंग.
हे कळलं नाही, म्हणाला.

गुरुवारी तो बायकोला डायलिसिसला नेतो, ती म्हणाली.
आणि स्प्रिंग कुठवर ताणायची
हे फक्त त्याच्या बोटांना ठाऊक आहे.
थोडी कमी ताणली तर घंटी खोकते.
शेजारी दोन पोरं बसवलीत शिकायला.
अजून वर्ष लागेल.

तो लिहून घेत होता.
मी त्याच्या जागी असताना
असं काही लिहून घेतल्याचं आठवत नाही.

त्या दिवशी सही झाली नाही.
नोव्हेंबरात झाली, सत्तरवर नव्हे, पंचावन्नवर,
आणि कर्जाला एक वरची रेघ मारून.
बरं झालं का, ते मला
पाच वर्षांनी विचारा.

घंटी दुआर्तच्या टेबलावर राहिली.
दुसऱ्या दिवशी देओलिंदानं तिचं बिल पाठवलं:
नमुना सात, एक नग,
नऊ युरो चाळीस, कर वेगळा.