उथळ पाणी

एप्रिलपासून एक ओळ नाही.
प्रकाशकाचा फोन दर गुरुवारी येतो
आणि दर गुरुवारी मी
त्याच्या कुत्रीच्या मोडलेल्या पायाची चौकशी करते.

उपाय सगळे झाले.
टेबल खिडकीकडून भिंतीकडे फिरवलं,
भिंतीकडून परत खिडकीकडे.
शाई बदलली. पहाटे उठले. रात्री जागले.
आठवडाभर कॉफी सोडली,
त्याच आठवड्यात वाचनालयातल्या मारुशा बाईंवर ओरडले,
ज्यांनी आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही.
डोळे मिटून शब्दकोश उघडला, बोट ठेवलं: चाळणी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाळणी.
त्या पानाला बहुतेक माझी सवय झाली होती.

सुचत नाही, सुचत नाही म्हणताना
जीभ एकदा घसरली आणि म्हणाले, सुकत नाही.
त्यावर स्वतःशीच हसले.
पिरानहून सकाळची बस धरली
आणि सेचोव्ल्येच्या मिठागरावर उतरले.

एजिदिओ एकाहत्तर वर्षांचा.
त्यानं माझे बूट काढायला लावले
आणि पायात लाकडी खडावा दिल्या, फळीसारख्या सपाट.
"खालची साय फाटेल," म्हणाला.
वाफ्याच्या तळाशी करडी-हिरवी साय होती,
शेवाळाची, चिखलाची, किती वर्षांची कोण जाणे.
तिला इथे पेतोला म्हणतात.
ती नसेल तर मीठ होतं,
पण मातीसकट.

मी विचारलं, मीठ कसं करता?
"मी कुठे करतो. मी पाणी हलवतो.
ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात. उघाडी उघडायची, लावायची."
आणि बाकीचं?
त्यानं खांदे उडवले. लांब बांधावर एक बगळा
आमच्यापेक्षा जास्त कामात होता.

पाणी जेमतेम दोन बोटं.
लहानपणापासून मला शिकवलं होतं
की उथळ पाण्याला खळखळाट फार.
हे पाणी उथळ होतं आणि गप्प होतं.
खोल समुद्र तर बांधापलीकडेच होता, अथांग वगैरे.
पण त्याच्या तळाला कुणी
लाकडी फावडं घेऊन मीठ ओढायला जात नाही.

दुपारी काठाकाठानं पहिली पापुद्री धरली.
चार वाजता सावुद्रियाच्या टोकावर ढग आला.
सव्वाचारला सर.
दिवसभराचं मीठ आमच्या डोळ्यांसमोर
परत पाणी झालं.

वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी शांत, शहाणं बोलेल.
मी वहीसुद्धा काढली.
त्यानं शिव्या दिल्या. आधी स्लोव्हेनियनमध्ये,
त्या पुरेनात तेव्हा इटालियनमध्ये,
ढगाला, हवामान खात्याला, ढगाच्या आईला.
मग नाक पुसलं
आणि उघाडीची फळी वर खेचून
पातळ झालेलं पाणी सोडून दिलं.
"आणि साय?"
"तिला काही होत नाही," म्हणाला, "उलट बरं वाटतं तिला."
हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं,
ते मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये वही ओली.
तिकिटाच्या मागे लिहिलं:
एजिदिओच्या डाव्या खडावेचा पट्टा
सायकलच्या ट्यूबचा आहे
आणि त्यावर ठिगळ आहे.

एवढंच. यात गोष्ट नाही.
यातून काही निघेल असंही नाही.
ही सायकल कुणाची होती,
ती चालवणं कुणी आणि कधी सोडलं,
ठिगळ सायकलच्या वेळचं की खडावेच्या,
हे पोर्तोरोझ येईपर्यंत
मला स्वतःला विचारायचं नव्हतं, विचारत राहिले.

ओठ चाटले. खारट.
उद्या गुरुवार.
कुत्रीचा पाय एव्हाना बरा झाला असेल.