खापर

खोलीबाहेर मी कमरेचा पट्टा काढून ठेवते,
किल्ल्या, फोन, केसातल्या पिना,
ज्यात ज्यात लोखंडाचा अंश आहे ते सगळं.
आत तिहेरी पत्र्याच्या कपाटात
पृथ्वीचं बोलणं पोचत नाही.
तिथे एक भट्टी, दुधाच्या पातेल्याएवढी,
आणि तिच्यात बानी नदीकाठच्या टेकाडातून आलेला
नखाएवढा चौकोन.

हजारेक वर्षांपूर्वी कुणी बाई
मडकं लाल होईतो भाजून
निवायला ठेवून घरी गेली.
निवताना मातीतले लोहकण
त्या दिवसाची उत्तर धरून बसले
ते बसलेच.
मडकं आव्यात उपडं होतं की आडवं,
आता कोण सांगणार?
दिशा गेली. ओढ किती होती, तेवढं उरलं.

वाचायची रीत अशी:
शंभर अंशांवर तापवायचं, निववायचं, मोजायचं.
दोनशे. मोजायचं.
वाचलं तेवढं पुसलं जातं.
पाचशे ऐंशीला पाटी कोरी.

"रीत बरोबर कशावरून?" डॉक्टर सिनायोको म्हणाले,
"जिचा दिवस ठाऊक आहे अशी एखादी खापरी आणा."

मग मी गावी गेले.
लोहाराची बायको म्हणून आई कुंभारीण;
आमच्यात तसंच असतं, ऐरण त्याची, माती तिची.
जळत्या गवतातून रसरशीत मडकं काठीने उचलून
बाभळीच्या शेंगांच्या काढ्यात ती बुडवायची,
चुर्र आवाज पार विहिरीपर्यंत.

कोपऱ्यातला तडकलेला रांजण दाखवून म्हणाली, हा ने.
कधी भाजलास?
झान गेला त्याच्या आदल्या दिवशी.

सोळा मे, मंगळवार. मला पाठ आहे.
झान उत्तरेला गेला, वाळवंटातून समुद्राकडे.
एकदा फोन आला, मग नाही.
त्याचं खापर आईने कुणाच्या माथी फोडलं नाही.

रांजणाचे मी सहा चौकोन कापले.
शेवटी लिहिलेलं आधी पुसलं जातं,
म्हणून आधी गेला काढ्याचा गारवा,
मग चुर्र,
मग जाळ, आणि जाळाशेजारी उभा राहून
"धूर डोळ्यात जातोय" म्हणणारा तो.
(हे यंत्रात दिसत नाही.)

आकडा आला, तेहतीस पूर्णांक सहा.
वेधशाळेच्या त्या दिवसाच्या नोंदीशी जुळला.
सिनायोकोंनी सही केली, चहा मागवला.
पाच चौकोन कोरे झाले.
सहाव्यापुढे मी वहीत लिहिलं, नमुना खराब,
आणि तो कागदात गुंडाळून
भट्टीपासून लांबच्या खणात ठेवला.

रात्री आईचा फोन. काय म्हणाला माझा रांजण?
मी आकडा सांगितला.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"पाणी गार ठेवायचा तो. लिहिलंस का?"
म्हटलं, तसा रकाना नाही, आई.
"मग कडेला लिही."