शून्य ते चार

आदल्या दिवशी केस काढायचे.
पाठीवरचे, कातडीला ओरखडाही न लागता,
अंगाच्या दहाव्या हिश्शाएवढी जागा,
म्हणजे माझ्या तळहाताच्या खळग्याएवढी.
बुटीबोरीत सकाळी साडेसातला
क्लिपरची घरघर सुरू होते
आणि देवाजी नारनवरे मुठीतल्या जिवाला समजावतो,
"थांब ना बाप्पा, कटिंगच तर करून राह्यलो."

पाच माद्या. तरुण, न व्यालेल्या.
असं प्रोटोकॉलमध्ये छापलेलं आहे,
खाली माझी सही: र. निनावे.
पहिल्या वर्षी या दोन ओळी
एकाच पानावर वाचताना मी थबकायची.
आता नाही.

नमुना भुकटीचा, वीटकरी.
नाव आम्हाला सांगत नाहीत, नंबर सांगतात.
वजनाच्या हिशेबानं मोजायचा,
पाण्याच्या थेंबानं ओला करायचा,
गॉझखाली ठेवून वर पट्टी.
चोवीस तास.
मग कोमट पाण्यानं पुसून काढायचं
आणि बघत बसायचं चौदा दिवस:
थरथर, लाळ, सुस्ती, डोळ्यांभोवतीचं लाल,
वजन पहिल्या दिवशी, सातव्या, चौदाव्या.

बाहेर सेहेचाळीस.
आत बावीस, तीन कमी तीन जास्त.
बारा तास उजेड, बारा तास अंधार.
लाईन गेली की अकरा सेकंदांत जनरेटर उचलतो.
तेव्हा तिकडे गोळीबार चौकात
आमच्या कूलरचा पंप
शेवाळ ओकत बंद पडलेला असतो
आणि बाबा ओला पंचा छातीवर घेऊन
ओसरीत आडवे.

बाबा रंगाच्या कारखान्यात होते.
कोपरापर्यंत हात पिंपात.
सोमवारचे निळे हात गुरुवारी मेंदीसारखे व्हायचे,
रविवारी ब्लिचिंगनं घासून घासून
कुठल्याच रंगाचे नसायचे.
लग्नाच्या पंगतीत त्यांना
कोणी वाढायला उभं करत नसे,
पाणीसुद्धा.
ते चपलांपाशी बसून
पोरांच्या जोड्या लावून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी चौथीच्या पाठीवर
काहीतरी होतं.
ट्यूबखाली बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं.
शून्य म्हणजे काही नाही.
एक म्हणजे पुसट, जेमतेम दिसेलसं.
चार म्हणजे बिटासारखं.
देवाजी म्हणाला, "मॅडम, तुमच्या नजरेचं लाल असंन."
मी एक लिहिलं. पेननं.
पेननं लिहिलेलं खोडता येत नाही,
रेघ मारून शेजारी तारीख घालावी लागते.

त्या रात्री भाकरीचं पीठ मळायच्या आधी
मी बाबांचा हात दिव्याखाली धरला.
"काय पाहून राह्यली पोट्टी?"
"लालसरपणा."
भेगा होत्या, खपल्या होत्या,
अंगठ्याच्या बुडाशी कातडी
जुन्या नवारीसारखी जाड.
पण लाल म्हणून काही दिसेना.
बाबा काळेसावळे.
आमची मोजपट्टी
पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर बेतलेली.
कुठला आकडा लावू?
हात सोडवून घेत ते म्हणाले,
"लिहून टाक शून्य. अन् भाकरी टाक."

सहाव्या दिवशी चौथी साफ.
सातव्याला तिचं वजन वाढलेलं, नऊ ग्रॅम.
चौदाव्यापर्यंत केस असे परतले
की आपण नेमकं कुठं काढले होते
ते बोटानं चाचपून शोधावं लागलं.
मग जे करायचं असतं ते केलं.
यकृत, मूत्रपिंडं, सर्वसाधारण.
देवाजीनं पाच पिंजरे धुऊन
उन्हात पालथे घातले.
अहवालात एक ओळ,
त्या ओळीत 'सौम्य' आणि 'तात्पुरता' हे शब्द.

घरी सांगितलं, काम संपलं.
बाबांनी विचारलं, "रंग होता का? कोणता?"
"नाव नाही सांगत बाबा, नंबर असतो."
ते उठून बसले.
"आमच्या पिंपावरबी नंबरच राहे.
एकशे बारा आला ना,
त्या दिवशी डब्यातलं सारं गोड लागे.
पिठलं गोड. कांदा गोड.
पाणीबी."