आर्द्रता पंचेचाळीस टक्के

थँकम्मा टीचर म्हणाल्या, माहिती नको,
माहिती भिंतीवर छापलेलीच आहे.
तुला काय वाटलं ते लिही.
दोन पानं, रविवारी पहिल्या तासाला.

तर खरं सांगायचं
म्हणजे आधी नुसती थंडी वाटली.
दोह्यात त्या दिवशी सेहेचाळीस होतं,
बसमधून उतरल्या उतरल्या चष्म्यावर वाफ धरली
आणि पहिलं चित्र मी पुसटच पाहिलं :
निळं काही, त्यात तपकिरी काही हलणारं.
ते फार आवडलं.
चष्मा पुसला तर ते मोती काढणाऱ्यांचं गलबत निघालं.
एक जण पाण्यात उतरतोय, नाकाला चिमटा,
पायाला दगड, कमरेला दोर,
आणि दोराचं दुसरं टोक चौकटीच्या बाहेर.
तिथे कुणीतरी उभं असणार ना, टीचर?
श्वास मोजत, दोर तळहातावर ठेवून?
पाटी दोनदा वाचली. त्याच्याबद्दल काही नव्हतं.

मग ती प्रसिद्ध पांढरी भिंत.
भिंत नव्हे, कॅनव्हास. त्यावर एकच निळी रेघ.
नुझहत म्हणाली, हे तर माझा धाकटा भाऊ काढेल.
मीही हसले.
पण समोर बाकडं होतं आणि नवे बूट चावत होते,
म्हणून बसले.
बसल्यावर दिसलं :
शेवटी शेवटी ब्रशातला रंग संपलाय,
रेघ खरखरीत होत गेलीये,
आणि त्याने ब्रश परत बुडवलेला नाही.
मी असते तर बुडवला असता.
पेपरात मी तेच करते,
उत्तर संपलं तरी खालून रेघा मारत राहते.

गालिच्यापाशी काही वाटलं नाही. सॉरी.

चौथ्या दालनात एक हुक्क्याचा तळ आहे,
काळाकुट्ट, पोटावर चांदीची अफूची फुलं.
पाटी मी अरबीतून वाचली,
सहावीपासून सक्तीची आहे, डोळे आपोआप उजवीकडून सुरू होतात :
अद्-दकन.
दकन. दकन?
आणि एकदम जिभेवर तो शब्द उलटा वळला,
दख्खन!
म्हणजे आमच्याकडचा. म्हणजे बिदर,
उदगीरहून एसटीने जेमतेम दीड तास.
आई सांगते, त्यांच्या घरी असलीच एक डबी होती,
मामी तिच्यात सुया ठेवायची,
आणि किल्ल्यातली माती लावल्याशिवाय
हा काळा रंग चढत नाही म्हणे.
मातीचं नाव पाटीवर नव्हतं.
मी इतकी पुढे वाकले की काचेवर माझा श्वास उमटला.
गार्ड पासांग हळूच म्हणाला, दीदी, थोडं मागे.

मागे सरताना पेटीच्या कोपऱ्यात
काडेपेटीएवढं एक पांढरं यंत्र दिसलं.
एकवीस अंश. पंचेचाळीस टक्के.
आणि टीचर, हे आकडे मला पाठ आहेत.

बाबा रात्रपाळीला याच इमारतीचे चिलर बघतात.
सकाळी चहा पिताना म्हणतात,
काल चार नंबरला पन्नासच्या वर गेली होती, रात्रभर बसून होतो.
लहानपणी मला वाटायचं,
चार नंबर म्हणजे कुणी आजारी बाई आहे.
नऊ वर्षं झाली. दिवे घालवलेले असतात तेव्हा
ते बॅटरी घेऊन आत जातात, शिडी लावतात, वर बघतात.
त्यांना या म्युझियमचं फक्त छत माहीत आहे.

संध्याकाळी ते डबा भरत होते तेव्हा सांगितलं,
बाबा, चार नंबरमध्ये आपल्याकडचा हुक्का आहे.
त्यांनी चपात्या फडक्यात गुंडाळल्या.
विचारलं, चांदी काळी पडलीया का गं?
नाही, म्हटलं. पांढरी आहे. अजून.
मग बरं हाय, म्हणाले,
आणि बूट शोधू लागले.
शुक्रवारी या ना बघायला, दुपारी उघडं असतं.
शुक्रवारी झोपतो मी.

दोन पानं झाली, टीचर.
हे वाटणं कशाबद्दल आहे ते मला नीट सांगता येत नाही,
तुम्हाला हवे तेवढे मार्क कापा.
गालिच्याकडे मी परत एकदा जाईन.