वीस अंश

आमच्या खोलीत बारा महिने वीस अंश.
बाहेर भांडुपचा मे महिना,
रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि मी आत, दोन दरवाजांच्या आड,
आईने विणलेला स्वेटर घालून
एका पोलादी ठोकळ्याची वाट बघत बसलेली.

वाट बघणं हेच निम्मं काम.
मस्करेन्हस सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"आलेला माल लगेच मोजायचा नाही.
उन्हातून आलाय बिचारा, त्याला आधी टेकू दे."
मग तो ग्रॅनाइटच्या पाटावर टेकतो, रात्रभर,
आणि अंगातली मुंबई हळूहळू सोडतो.

शंभर मिलिमीटरचं पोलाद
एका अंशाला वाढतं एक मायक्रॉन, वर थोडं.
डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही,
पण आमच्या काट्याला कळतं.
म्हणून हातमोजे.
म्हणून मापाजवळ श्वाससुद्धा बेताने.
हाताची ऊब, आमच्या वहीत,
चुकांच्या रकान्यात लिहितात.

घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली,
"मग भाकरी कितव्या अंशाला मोजता?"

बाबू तांडेल शॉपमधून पितळेचा बुश घेऊन आला,
फडक्यात गुंडाळून, बाळंतिणीच्या खोलीतून आणावा तसा.
"भोक ऐंशी. बरोब्बर ऐंशी. मशीनवर बघितलंय. मार शिक्का."
मी म्हटलं, उद्या.
"तीस वर्षं लेथवर काढली, तू मला माप शिकवणार?"
"माप बरोबरच आहे, मामा.
पण ते गरम असतानाचं आहे."
दार आपटून गेला. पारा अर्धा अंश हलला
आणि मग परत जागेवर आला.

सकाळी भोक सहा शतांश लहान.
मी काही बोलले नाही. त्याने स्वतः डायल वाचली, दोनदा,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग म्हणाला, "लहान आहे ते बरं.
लहान भोक पुन्हा कापता येतं.
मोठं झालं असतं तर भंगार."
त्यानंतर तो फडकं टेबलावर ठेवायचा
आणि स्वतःच म्हणायचा, "उद्या ये म्हण."

कांजूरला आमच्या पत्र्याला
असं कुणी टेकू देत नव्हतं.
दिवसभर तो फुगायचा,
आणि रात्री अकराच्या सुमाराला, निवताना,
टक्. टक्.
एकेका खिळ्याशी हिशोब करायचा.
खाली अण्णा आणि आई
संध्याकाळी जे बोललेले असायचे
ते तेव्हाच शिक्का मारून ठेवायचे, गरम असताना.
मी अंथरुणात पडून ऐकायची.
मला वाटायचं, उठून सांगावं, उद्या.
कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये कारखाना सिल्व्हासाला हलला.
लेथ गेले, तांडेल पैसे घेऊन अलिबागला गेला,
सर तर त्याआधीच.
शेवटच्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियनने येऊन
एसीचा खटका खाली केला. इतकं सोपं होतं ते.
दुपारी तेवीस.
चारला सव्वीस.
दोन्ही दरवाजे कुणीतरी विटा लावून उघडे ठेवलेले.

रद्द झालेल्या संचातला एक ठोकळा मागे राहिला होता,
शंभरचा, एका कडेला टवका उडालेला.
काही तक्रार नव्हती त्याची.
तो नुसता वाढत होता,
पत्रा वाढतो तसाच.

मी हातमोजे काढले.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
तो उघड्या मुठीत धरला.
गार होता. बराच वेळ गार होता.
मग नव्हता.

किती वाढला असेल, आकडा आपोआप मनात आला.
वही समोरच होती.