किमान पन्नास

आम्ही एकोणीस.
पार्जिटर म्हणाला, किमान पन्नास.
साचा एकदा कापला की
एकोणीस काय नि पन्नास काय,
भट्टीला तेवढंच तापावं लागतं.

नाकापेक्षा मोती जड, मी मनात म्हटलं,
आणि उठले नाही.

बर्मिंगहॅमच्या ज्या गल्लीत अजून
खिडक्यांच्या गजांवर पॉलिशची तांबडी धूळ बसते
तिथे तिसऱ्या मजल्यावर,
मांडीवर पिशवी, पिशवीत वही,
वहीत मी काढलेला राखी बगळा.
आमच्या कालव्यावरचा.
पाच वर्षं, एकाआड एक रविवारी,
वॉल्सॉलच्या त्या काळ्या पाण्यातून आम्ही
आकडे टाकून सायकली ओढतो, ट्रॉल्या ओढतो,
एकदा तर अख्खं शिवणयंत्र, सुईसकट,
आणि हा पलीकडच्या काठावरून
मुकादमासारखा बघतो.
तास तास हलत नाही.

"पाय फार बारीक," पार्जिटर म्हणाला.
"धातू तिथवर पोचायच्या आत थिजेल."
त्याने पेन्सिलीने जाड केले.
अजून जाड.
मी विचारलं, आता हा कोण?
"साच्यातून जो बाहेर येईल तो."

मग पावतीसाठी नाव.
ओतारी. स्पेलिंग दोनदा.
त्याने अर्थ विचारला नव्हता, मीच सांगितला:
तुम्ही जे करता, ते.
माझे वडील संगमनेरला बैलांच्या घंटा ओतायचे,
मला मात्र भट्टीच्या उंबऱ्यावरच थांबवायचे.
पोरीची सावली मुशीत पडली
की म्हणे घंटा मुकी निघते.
पार्जिटरने चष्मा कपाळावर सरकवला.
"आणि निघायची?"
माहीत नाही, म्हटलं. मी कधी आत गेलेच नाही.

तेव्हा कुठे मी पिशवीतलं गाठोडं काढलं.
तोट्या, बिजागऱ्या, बोटीच्या खिडकीचं एक कडं,
सगळं कालव्यातलं, सगळं पितळ.
यातूनच ओता ना.
त्याने एका तोटीवर कानस फिरवली,
चकाकी उजेडात धरली.
"यात काय काय आहे कुणाला ठाऊक.
मूसभर चांगला माल नासेल."
वडीलही हेच म्हणाले असते,
ह्याच चेहऱ्याने, नजर मालावर ठेवून.
मी गाठोडं परत बांधलं.

जाताना म्हणाला, मागे साल टाकू नका.
साल टाकलंत की उरलेली एकतीस पुढच्या वर्षी भंगार.
नावं? तीही नकोत, नंतर कोरता येतात.
पाठ कोरी राहू दे.

बसमध्ये मी एकतीस माणसं शोधत बसले.
एड्ना ट्रँटर, जी पाण्याला हात लावत नाही
पण फ्लास्क भरून चहा आणते.
तो मुलगा, जो एकदाच आला,
जाळ्यात मेलेला कोल्हा निघाला म्हणून रडला,
परत फिरकला नाही.
त्याला द्यावं का? कशाबद्दल, असं विचारलं तर?
बोटीवरची ती बाई, दर वेळी आम्हाला शिव्या देणारी...
सातव्या नावाला माझा थांबा आला.

सहा आठवड्यांनी खोका.
जस्ताचं मिश्रण, वर काशाचा मुलामा.
पन्नास बगळे, पन्नास जाडजूड पायांच्या जोड्या,
बघून एड्ना म्हणाली, "बदक छान आलंय."

तळाशी, वेगळ्या कागदात,
अजून एक. पिवळं. खरबरीत.
पाठीवर देवीच्या वणांसारखी भोकं.
मी घरी येऊन गाठोडं मोजलं नव्हतं;
एक तोटी त्याच्या टेबलावरच राहिली असणार.
कागदावर पेन्सिलीने दोन ओळी:
बुडबुडे. सांगितलं होतं.
डाव्या पायापर्यंत धातू पोचला नाही.

मी ते खिडकीशी नेलं.
एका पायावर उभा होता,
मान आखडून,
कालव्यावर असतो तसाच.

पन्नासांत ते मी धरलेलं नाही.